रंग मारण्याआधी भिंतीतलं पाणी शोधा

गणेशचवथ जवळ आली की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावात घरोघरी रंगाचे डबे येतात. काळी पडलेली भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, वर दोन हात रंग. आमच्याकडंही वर्षानुवर्षं हेच चाललं. यंदा मी अडून बसलो.

कारण आई. मिरगाचा पाऊस लागला की तिला खोकला धरतो, तो दसऱ्यापर्यंत सोडत नाही. रात्री छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. आम्ही म्हणायचो, वय झालं, बेळगावची हवाच तशी. या आषाढात डॉक्टरांनी विचारलं, "त्या झोपतात त्या खोलीत ओल आहे का?"

घरी येऊन भिंतीला टेकलेलं कपाट ओढलं. मागं काजळी फासल्यासारखे ठिपके, बोट लावलं तर बोटाला आले. आत घडीतल्या शहापुरी साडीवर पांढरा बुरा. आईची उशी तिथून हातभर अंतरावर.

ही बुरशी. तिचे बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून आत जातात. शिंका, खोकला, दम्याचा जोर त्यातून वाढतो. ओलसर घरांत श्वसनाचे त्रास जास्त होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ सालीच सांगितलंय. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, दमेकरी आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांना तर अशा खोलीत झोपवूच नका. आणि बुरशी मेली तरी तिची ॲलर्जी होतेच. मग वरून रंग मारून काय साधतं?

आमच्याकडं गच्चीवरचा पाइप सांध्यात फुटला होता. पाणी गुपचूप भिंतीत मुरत होतं. आधी तो बदलला. मग मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली. कोरड्या ब्रशनं घासू नका, सगळं हवेत उडतं. ब्लीच वापरलंच तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

दुसरं, ओले कपडे. पावसात सगळेच खोलीत दोरी बांधतो, खिडक्या लावून. ती वाफ भिंतीवरच बसते. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या आत हवा. धो-धो पावसाच्या खानापूर-कणकुंबीकडं ते कठीण आहे, कळतं मला. पण उघडीप मिळाली की खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा, भिजलेली गादी दोन दिवसांत वाळली नाही तर टाकून द्या.

आईला पुढच्या खोलीत हलवलंय. भिंत वाळायला दिवाळी उजाडेल. तोवर गणपती त्या रंग न मारलेल्या भिंतीपुढंच बसेल.