उत्तर कुठंय?

आमच्या कॉलेजात दर जानेवारीत करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान होतं. हजेरी सक्तीची. यंदाच्या पाहुण्यांनी कॉलरला माइक लावला, स्टेजवरून खाली उतरले आणि म्हणाले, "पदवीला चार महिने उरलेत. ज्यांच्या आयुष्याची दिशा अजून ठरलेली नाही, त्यांनी प्रामाणिकपणे हात वर करा."

मी प्रामाणिकपणे केला. मागं वळून पाहिलं तर अख्ख्या हॉलमध्ये एकच हात वर होता, आणि तो माझ्याच खांद्याला जोडलेला होता.

"अरे वा! विषय कोणता तुझा?"

"भूगोल."

पुढची दोन मिनिटं हॉल नुसता हसत होता. भूगोलाचा पोरगा आणि दिशा सापडेना! शेवटच्या रांगेत झोपलेल्यांना उठवून हा विनोद सांगण्यात आला.

त्या दिवशी मी पेटलो. व्याख्यानानं नव्हे (त्यातली गरुडाची गोष्ट मी तीन वर्षांत चौथ्यांदा ऐकत होतो), अपमानानं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून 200 पानी वही आणली, पहिल्या पानावर 'ध्येय' असं लिहून लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलं. रात्री साडेअकरापर्यंत 'ध्ये'च्या मात्रेला सुरेख सावली देऊन झाली होती. खालचं पान कोरं.

मग मी घरच्यांना विचारायची चूक केली.

पप्पांच्या डोक्यात एकच पद आहे, तलाठी. 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागा निघाल्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. त्या दहा लाखांपैकी पप्पांना एकच माणूस माहीत आहे, आमच्या गल्लीतला, आणि तो नेमका लागला. त्यामुळं पप्पांच्या हिशोबानं निकाल शंभर टक्के आहे. आई म्हणाली, "कोण काय म्हणंल ते म्हणू दे. तुला आवडंल ते कर. फक्त बी.एड. करून ठेव." ठाण्याच्या आत्याचं मत डेटा सायन्स. मी म्हटलं, आत्या, मी बी.ए. करतोय. "मग काय झालं? भूगोलात डेटा नसतो होय रे?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

राहता राहिला दादा. दादा म्हणजे चुलतभाऊ. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सहावं वर्ष, राज्यसेवा. त्याच्याइतका शांत माणूस आमच्या खानदानात नाही. "वयाची अट 38 आहे," तो फोनवर म्हणाला. "तू 21चा. सतरा वर्षं आहेत तुझ्याकडं. घाई कशाला करतोस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण एक आहे. आमच्या अभ्यासिकेत मार्चअखेर एक खुर्ची रिकामी होतीय. कोपऱ्यातली. चार्जिंग पॉइंटजवळची. अशी खुर्ची परत मिळत नसती." खुर्चीबद्दल तो ज्या मायेनं बोलला, तसं जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीबद्दल मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही.

वहीत मी चारही नावं लिहिली, आणि रोज रात्री प्रेरणेसाठी मोबाइलवर रील्स बघायला लागलो. पहाटे चारला उठणाऱ्या यशस्वी लोकांचे रील्स रात्री दोनपर्यंत बघितले की सकाळी नवाला जाग यायची.

अशात मैदानावर प्रिझमॅटिक कंपासचं प्रॅक्टिकल निघालं. कंपास म्हणजे दिशेचा कोन मोजायची पितळी डबी. आत अंशांची तबकडी, एका अंगाला लोलक, समोर उभा केसाएवढा दोरा. तो दोरा लांबच्या लाल-पांढऱ्या रेंजिंग रॉडवर धरायचा, डुलणारी तबकडी बारीक खिट्टी दाबून थांबवायची आणि लोलकातून आकडा वाचायचा. 'अ' या ठिकाणावरून 'ब' बघितलं तर 62 अंश आलं. 'ब'वर जाऊन उलटं 'अ' बघितलं की बरोबर 180 जास्त, म्हणजे 242 यायला पाहिजे. मला 249 आलं. परत घेतलं. 249.

सर चहाचा कप घेऊन आले. "लोकल अ‍ॅट्रॅक्शन," म्हणाले. "जवळपास लोखंड नाहीतर चुंबक असलं की सुई तिकडं ओढली जाती. खिशात काय आहे?"

शर्टाच्या खिशात मोबाइल होता. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. पंधरा फूट लांब गवतावर ठेवला, 245 झालं. म्हणजे दोन आठवडे मला दिशा दाखवणारं ते यंत्र एकट्यानं चार अंश ओढत होतं! मग पप्पांच्या दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, 243. आत्यानं शिर्डीहून आणून दिलेलं लोखंडी कडं साबण लावून काढायला लागलं. 242 अंश 30 मिनिटं.

"उरलेला अर्धा अंश?" मी विचारलं.

"तो तुझा," सर म्हणाले आणि कप विसळायला गेले.

अशी पाच ठिकाणं फिरून कागदावर आकृती काढली, तर शेवटची रेषा जिथून निघालो तिथं पोचलीच नाही. चार मिलिमीटर अलीकडं लटकली. याला क्लोजिंग एरर म्हणतात. यात फार वाईट वाटून घ्यायचं नसतं. ती चूक थोडी थोडी सगळ्या ठिकाणांवर वाटून टाकायची असते. आमच्या गटानं ती आनंदानं मलाच वाटली.

परीक्षेला बाहेरून एक्स्टर्नल आले. पन्नाशीचे, थकलेले. माझा फोन बाहेर पिशवीत, कडं घरी. पहिलाच प्रश्न, "उत्तर कुठंय?"

सातारच्या पोराला याला कंपास लागत नाही. अजिंक्यतारा गावाच्या दक्षिणेला आहे. किल्ल्याकडं पाठ केली की नाकासमोर उत्तर. मी पाठ केली. ते खूश झाले.

"चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एकच का?"

हे मी घोकलं होतं. 1831 साली जेम्स क्लार्क रॉसला कॅनडाच्या उत्तरेला सापडलेला चुंबकीय ध्रुव तिथं थांबलेला नाही, तो सायबेरियाच्या दिशेनं निघालाय, आणि मध्यंतरी वर्षाला 50 किलोमीटरच्या वेगानं पळत होता. पृथ्वीच्या उत्तराचंच असं असल्यावर आमच्या आत्याला काय बोलणार, हे वाक्य मी ऐनवेळी गिळलं.

"छान. पुढं काय करणार?"

आलं! मी वहीचं पहिलं पान आठवलं. लाल रेघा दिसल्या, सावली दिसली. बाकी काही दिसेना. मी किल्ल्याकडं बघत उभा राहिलो.

एक्स्टर्नलनी पेनचं टोपण लावलं. "आमचाही टी.वाय.ला आहे," म्हणाले. "हाच प्रश्न विचारला की जेवणाच्या ताटावरून उठतो. तुम्ही पोरं नक्की काय ठरवता रे? म्हणजे मला तरी सांग." आता ते परीक्षक राहिले नव्हते. थोडक्यात, उत्तर तिकडंही नव्हतं.

मला त्यांची दया आली. इकडंतिकडं बघून मी हळूच म्हणालो, "सर, पुण्यात एक खुर्ची रिकामी आहे. कोपऱ्यातली. चार्जिंग पॉइंटजवळची."

त्यांनी टोपण परत काढलं आणि गुणपत्रकाच्या कोपऱ्यात दादाचा नंबर लिहून घेतला.