रीमॅपचा मेसेज आणि कात्रजचा उतार

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटी मामेभावानेही तो पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, पटतंय ना?" त्याने नुकतीच सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली आहे आणि मला त्याची काळजी आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मेसेज थोडक्यात असा: ड्रायव्हिंगच्या कोर्सवर पैसे घालवू नका, त्याच पैशांत रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) करून घ्या, गाडीची ताकद लगेच तीस टक्क्यांनी वाढते. कंपनीने इंजिन मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं, ते फक्त मोकळं करायचं. ताकद वाढली की घाटातलं ओव्हरटेकिंग सुरक्षित होतं. कोर्सचा पैसा दिसत नाही, रीमॅपचा पहिल्याच पिकअपला दिसतो. आणि दहा वर्षं गाडी चालवणाऱ्याला कोण काय शिकवणार? ड्रायव्हिंग मुळात हातात असावं लागतं.

आधी तीस टक्क्यांचं बघू, कारण ते बऱ्यापैकी खरं आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाचा बूस्ट, म्हणजे टर्बो ज्या दाबाने इंजिनात हवा ढकलतो तो दाब, वाढवता येतो, त्यामुळे स्टेज वन रीमॅपने, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर बदलून, वीस ते तीस टक्के ताकद वाढू शकते. बिनटर्बोच्या इंजिनात मात्र जेमतेम काही टक्केच हाती लागतात. हा फरक मेसेजमध्ये कुठेच नाही आणि तो पुढे पाठवणाऱ्या निम्म्या लोकांकडे बिनटर्बोच्याच गाड्या आहेत.

पण वाढलेली ताकद वापरणार कुठे? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटरची. तुझी गाडी मूळच्या १०५ पीएसवर (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) तिथे सहज पोचते. मजा म्हणून आपण जातो ते लवासाच्या नाहीतर ताम्हिणीच्या रस्त्याला, म्हणजे वळणांवर. ५० मीटर त्रिज्येचं एक वळण धर. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगले टायर ते फार तर ताशी ७० किलोमीटरने पेलतील, पावसात ५५ च्या आसपास. हा टायरचा शेवट झाला. समोरचं दिसत नसलेल्या रस्त्यावर त्याच्या खूप अलीकडेच राहायचं असतं. पण या हिशेबात त्रिज्या आणि टायरची पकड एवढ्या दोनच गोष्टी येतात. इंजिन १०५ पीएसचं असो की १४० चं, आकडा बदलत नाही.

वळणातून बाहेर पडताना तरी ताकद कामाला येईल ना? तुझ्या गाडीत तीच पुढची चाकं गाडी ओढतात आणि तीच वळवतात. टायरकडे पकड ठरावीकच असते. ती ओढण्यात खर्च झाली की वळायला उरत नाही. लवकर ॲक्सिलरेटर दाबलास की आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर सरकतं. २०२५ मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयला २६५ पीएस दिले आहेत, पण त्यासोबत पुढच्या चाकांना लॉक होणारं डिफरन्शियल, म्हणजे आतलं चाक नुसतं फिरू न देणारी यंत्रणा, आणि मोठे ब्रेकही दिले आहेत. लॅपटॉप जोडून केलेल्या रीमॅपमध्ये यातलं काहीही येत नाही.

दुसरा मुद्दा, कंपनी इंजिन दाबून ठेवते. राखून ठेवते म्हटलं तर मान्य. तुझी गाडी बनली तेव्हा आपल्याकडचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. मे महिन्यातली दुपार, पाच माणसं, मागे सामान, समोर खंबाटकी, अशा वेळीही इंजिनात नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून इग्निशन आणि बूस्टमध्ये जागा सोडलेली असते. रीमॅप करणारा ती जागा खातो. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात २०२० पासून मिळतं, पण ते दर वेळी भरणारा मला तरी भेटलेला नाही. गिअरबॉक्सचंही तसंच. तुझ्या डीएसजीला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, कोरडे क्लच आहेत आणि त्याची क्षमता २५० न्यूटन मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) आहे. मूळ इंजिन देतं १७५. मधलं अंतर ही काही फुकट पडलेली जागा नाही, तिच्यावरच तो गिअरबॉक्स वर्षानुवर्षं सिग्नलला थांबत-सरकत चालतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या आधीच्या छोट्या मॅन्युअल टर्बो हॅचबॅकला मी एका दुकानातून रीमॅप करून घेतलं होतं. पहिले दोन महिने मीही सगळ्यांना सांगत सुटले होते. मग दिवे घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि टॅकोमीटरचा काटा वर गेला, गाडी मात्र होती त्याच वेगात. पाठोपाठ जळका वास केबिनमध्ये आला. क्लच घसरत होता. दुकानदाराने हात वर केले आणि वॉरंटी तर रीमॅपच्या दिवशीच गेली होती. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी असं सगळं धरून रीमॅपच्या दुपटीहून जास्त खर्च आला.

आता सुरक्षित ओव्हरटेकिंग. जास्त ताकदीमुळे समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं, हे बरोबर आहे. पण ओव्हरटेक फसतो तो बहुतेक वेळा निर्णयात. पुढचं वळण किती लांब आहे, ट्रकच्या पुढे आपल्यापुरती जागा आहे का, आत्ता सोडून दिलं तर पुढची संधी कुठे, हे वाचता यावं लागतं. ताकद वाढली की माणूस आधी सोडून द्यायचा तो ओव्हरटेकही करायला जातो. मी जात होते. आणि वेग वाढला तरी ब्रेक तेच राहतात. १०० ऐवजी १२० च्या वेगात गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा असते आणि ती सगळी त्याच पॅडना जिरवायची असते. तुझ्या गाडीला मागे तर साधे ड्रम ब्रेक आहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना रीमॅपचा काडीचाही उपयोग नाही. तिथे लागतो वेळेवर खाली घेतलेला गिअर, पुढच्या गाडीपासून ठेवलेलं अंतर आणि आरशात दिसणाऱ्या लोड गाडीवर नजर.

शिकवून येत नाही, हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा, कारण तो वाचून चांगली मुलं शिकायचंच सोडून देतात. आपण शिकतो किती ते आठव. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नियमाने प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास. मग नाशिक फाट्याला आयडीटीआर या ड्रायव्हिंग संस्थेच्या टेस्ट ट्रॅकवर आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबून पुन्हा निघणं, सगळं रांगत्या वेगात. लायसन्ससाठी ते ठीक आहे. पण पुढची दहा वर्षं ८०-१०० च्या वेगात आपण जे करतो, ते कुणी कधी तपासलेलंच नसतं. चुकीची लागलेली सवय दहा वर्षांत आणखी घट्ट होते.

क्लचचा धडा मिळाल्यावर मी एका दिवसाचा कोर्स केला. चाकणच्या पुढे एका खासगी आवारात डांबरी पट्टा होता. शिकवणारे सर पूर्वी रॅली करायचे. सकाळचा पहिला अर्धा तास त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. सीट पुढे घ्या, पाठ टेका, हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी इतकी वर्षं बोटभर नाही, वीतभर मागे बसत होते.

मग ब्रेक. ताशी ६० किलोमीटरने यायचं आणि रस्त्यावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कोनपाशी पूर्ण दाबायचा. मला वाटलं, मी पूर्ण दाबला. सर उतरले, पावलं मोजत गाडीपर्यंत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "अठ्ठावीस. मॅडम, तुम्ही ब्रेकला विनंती करताय. लाथ मारा." पुन्हा गेले. चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसची थरथर पायाला जाणवली आणि मी घाबरून पाय सैल केला. चोवीस. चौथ्या वेळी थरथर सुरू झाल्यावरही पाय रोवून धरला आणि सोबत स्टिअरिंग वळवून बाजूचा कोन चुकवला. एकोणीस. गाडी तीच, टायर तेच, इंजिन तर मूळ मॅपवर परत नेलेलं. जे बदललं ते माझ्या उजव्या पायात.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. धोका दिसला तरी बहुतेक ड्रायव्हर ब्रेक पुरेसा जोरात दाबत नाहीत, हे सिम्युलेटरवर दिसल्यामुळेच मर्सिडीजने १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट, म्हणजे पाय झटक्यात पडला की ब्रेक आपोआप पूर्ण लावणारी यंत्रणा, आणला. ताशी ८० च्या वेगात अर्धवट दाबलेला ब्रेक आणि पूर्ण दाबलेला ब्रेक यांत सहज १८-१९ मीटरचा फरक पडतो. म्हणजे पीएमपीच्या दीड बसची लांबी.

दुपारी नजरेवर काम झालं. मी समोरच्या कोनकडे बघायचे आणि त्यालाच उडवायचे. सर शेजारी बसून हाताने माझी हनुवटी वळवल्यासारखी खूण करायचे: तिकडे, जिथे जायचंय तिकडे. नजर वळणाच्या शेवटाला गेली की स्टिअरिंगवरची माझी झटापट थांबली. एकदाच वळवलेलं, एकदाच सोडलेलं. घरी येताना वारज्याच्या पुलावरचा नेहमीचा वळसा मला पहिल्यांदा लांब वाटला, इतका वेळ हाताशी होता.

आणि हातात असावं लागतं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन. वडील स्वतः रॅली करणारे, म्हणजे गुण घरातच. तरीही १९९२ मध्ये तो फ्रान्सच्या विनफील्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला होता.

पैसा दिसत नाही, यावर फार बोलायचं नाही. गाडी विकलीस की रीमॅप गाडीबरोबर जाईल. शिकलेलं पुढच्या गाडीत येईल, मामीची ॲक्टिव्हा चालवतानाही येईल.

कोर्सबद्दल एक खरी अडचण मात्र आहे. एका दिवसाचं शिकलेलं सरावाशिवाय महिनाभरात पातळ होतं आणि कोइंबतूर, चेन्नईचे रेस ट्रॅक पुण्याहून दर महिन्याला जाण्यासारखे नाहीत. म्हणून कोर्स निवडताना विचार: स्वतःच्या गाडीवर शिकवणार का, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, आणि ओल्या डांबरावर ब्रेकिंग करून घेणार का. लॅप टाइमचं आमिष दाखवत असतील तर दुसरीकडे बघ. तुला रीमॅप करायचंच असेल तर वर्षभराने कर, मी भांडणार नाही.

रविवारी सकाळी सातला ये. येण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाच: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी १८ किंवा १९ निघाले, तर लवासा रद्द आणि आपण आधी टायरवाल्याकडे जाऊ.