पुस्तक चांगलं निघालं

वाईट पुस्तकाचा एक मोठा फायदा असतो. काही कळलं नाही की ते मिटायचं आणि लेखकाच्या नावानं खडे फोडायचे. माझं नशीबच फुटकं, मला मेनफ्रेमचं, म्हणजे बँका-बिंका वापरतात त्या अवाढव्य संगणकाचं, पुस्तक चांगलं मिळालं.

साल १९९८. दोन हजार साल उजाडलं की कोबोल नावाच्या संगणकाच्या भाषेतले जगातले जुने प्रोग्रॅम तारखेला अडखळून तोंडावर आपटणार, अशी हाकाटी उठली होती. पुणे-बंगळूरला कोबोल येणाऱ्या माणसाला भाव आला होता आणि आम्ही बेळगावकर दोन्हीच्या मध्ये, रात्रीच्या बसच्या अंतरावर. टिळकवाडीतल्या एका क्लासनं पाटीवर ठळक अक्षरांत ‘मेनफ्रेम’ लिहिलं होतं. आत पीसी होते. सीआयसीएसचं नाव काढलं की सर म्हणायचे, “ते थिअरीत बघूया की.” शेवटी काकांनी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एक जुनं, जाडजूड पुस्तक आणून दिलं. आज्जीनं ते आधी कपाळाला लावलं आणि मग माझ्या हातात दिलं.

सीआयसीएस म्हणजे आयबीएमचं सॉफ्टवेअर. ८ जुलै १९६९ ला बाजारात आलं, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या बारा दिवस आधी. बँकेत, विमा कंपनीत, रिझर्व्हेशनच्या खिडकीत हजारो माणसं एकाच वेळी खटाखट बटणं दाबतात, ते सगळे व्यवहार सांभाळायचं काम त्याचं. पहिल्याच प्रकरणात लेखकानं हे इतकं सोपं करून सांगितलं, की मला वाटलं, आठवड्यात बंगळूर.

पुढं मात्र छळ सुरू झाला. मनात शंका यावी आणि पुढच्याच परिच्छेदात लेखकानं ‘इथं तुम्हाला असं वाटेल’ म्हणून तीच काढावी. ‘हे काही नीट सांगितलेलं नाही’ म्हणायला माणूस जागा शोधतो, तर तिथं आकृती. कंटाळा यायला सुद्धा काही कारण लागतं की नाही?

टर्मिनल म्हणजे मेनफ्रेमला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड. पडदा २४ ओळींचा, प्रत्येक ओळीत ८० घरं. टर्मिनल नव्हतं, म्हणून आलेखाच्या कागदावर मी पडदे आखायला लागलो. तिथं कळलं की प्रत्येक फील्डच्या, म्हणजे पडद्यावरच्या माहितीच्या रकान्याच्या, आधीचं एक घर रिकामं दिसतं, पण रिकामं नसतं. तिथं अ‍ॅट्रिब्यूट बाइट बसलेला असतो. फील्डमध्ये टाइप करू द्यायचं की नाही, अक्षरं ठळक करायची की अजिबात दाखवायचीच नाहीत, हे सगळं तो ठरवतो, आणि स्वतः कुणाला दिसत नाही. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळात असे एक काका आहेत. या महाशयांमुळं दहाव्या घरात फील्ड मागितलं की पहिलं अक्षर अकराव्या घरात उमटतं. आणि नावासाठी वीस घरं देऊन पुढं दुसऱ्या फील्डचा अडसर घातला नाही, तर माणूस आडनाव, गल्ली, तालुका लिहीत सुटतो.

खरी परीक्षा पुढच्या प्रकरणात होती, स्यूडो-कन्व्हर्सेशनल पद्धतीच्या. यात प्रोग्रॅम पडद्यावर प्रश्न टाकतो आणि संपतो. वाट बघत थांबत नाही, खरोखर संपतो. समोरचा माणूस विचार करणार, चहा पिणार, तोवर मेमरी अडवून कशाला बसायचं? जाताना पुढच्या वेळी कोणतं ट्रान्झॅक्शन उठवायचं त्याचं चार अक्षरी नाव आणि एक चिठ्ठी, म्हणजे कॉमएरिया, एवढं मागं ठेवतो. एंटर दाबलं की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू. आधी चिठ्ठीची लांबी बघायची. शून्य असली तर गिऱ्हाईक नवं, नसली तर आपण मघाशी इथं येऊन गेलोय.

हे वाचून सगळं समजलं, हातात मात्र काही येईना. त्यात १ नोव्हेंबर आला. गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळ्या दिवसाची सायकल फेरी, आणि आईचा हुकूम : कुणी उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. मग स्वयंपाकघरातच मेनफ्रेम उभा केला. ताई युजर, मी प्रोग्रॅम. कुंद्याच्या दुकानातली गिऱ्हाइकांची उधारी हा विषय. ट्रान्झॅक्शनचं नाव के-एन-डी-ए, बरोबर चार अक्षरं. ताटावर वाटी आपटली की एंटर.

मी कागद ताईपुढं ठेवायचा, चिठ्ठी डब्याखाली सरकवायची आणि माजघरात जाऊन मरायचं. वाटी वाजली की यायचं, चिठ्ठी बघायची, पुढचा कागद ठेवायचा, परत मरायचं.

“हे पोरगं आत-बाहेर का करायलंय गं?” आज्जीनं आईला विचारलं.

“त्याला नोकरी लागणार आहे,” आई म्हणाली.

ताई युजर म्हणून अस्सल निघाली. रकमेच्या फील्डमध्ये तिनं ‘दीडशे’ असं अक्षरी लिहिलं. ते न तपासता बेरजेला घ्यावं तर प्रोग्रॅम आडवा, कोड एएसआरए. पुढच्या खेपेला काहीच न भरता वाटी आपटली. मॅपफेल, कोड एईआय-नाइन. मग कागद अर्धा भरून उठली आणि शेजारच्या काकूंकडं विरजण आणायला गेली. तेवढ्यात आईनं दुसऱ्या टर्मिनलवरून त्याच गिऱ्हाइकाची उधारी फेडून टाकली.

आता? ताई परत येऊन जुन्याच आकड्यावर वाटी आपटणार! पुस्तकाला अखेर पकडलं, या आनंदात मी पान उलटलं. तिथं उत्तर तयार : रेकॉर्ड अडवून ठेवू नका, परत आल्यावर पुन्हा वाचा, चिठ्ठीतल्या प्रतीशी ताडून बघा, बदललं असेल तर युजरला तसं सांगा. मी ताईला तसं सांगितलं. “मग मघाशीच सांगायचं नाहीस?” म्हणून ती भडकली. मघाशी मी मेलेलो होतो, हे तिला पटेना.

जानेवारीत बंगळूरला मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, मॅपफेल कधी येतो?

“ताई...” एवढं बाहेर पडलंच. मग सावरून म्हटलं, “युजरनं काही न भरता एंटर दाबलं, किंवा क्लिअर दाबलं की.”

साहेबांनी मान डोलावली. “प्रॅक्टिकल कुठल्या मशीनवर केलंय?”

“घरीच, सर.”

“घरी मेनफ्रेम आहे?”

“जेवणाच्या वेळा सोडून,” मी म्हटलं.