भांडी घासायला आवडतात म्हटलं की लोक हसतात

मागच्या आठवड्यात साताऱ्यात एका लग्नाला गेलो होतो, तिथं जुने ऑफिसवाले भेटले, "डोंगरावर दिवसभर करतोस काय रे" असं विचारलं आणि मी आपलं खरं ते सांगितलं की सकाळी भांडी घासतो, मग सोलरचं पॅनल पुसतो, मग लाकडं फोडतो. खो खो हसले सगळे. एकजण हिला म्हणतो, वहिनी लॉटरी लागली की तुम्हाला! ही काहीच बोलली नाही. सांगलीच्या फ्लॅटमध्ये २५ वर्षं भांडी कोण घासत होतं ते तिला चांगलं माहितीय.

तर आमचं घर ठोसेघरच्या वर, चाळकेवाडीच्या पठाराच्या अंगाला. घरात लाईटच नाही. गंमत बघा, अंगणात उभं राहिलं की समोर पवनचक्क्या गरगर फिरतायत, डोंगरापलीकडं कोयना, १९६० मेगावॅटचा प्रकल्प, आणि मधे आम्ही ९ वॅटचा बल्ब सुद्धा विचार करून लावणार. शेवटचा खांब खाली वाडीत संपतो, तिथनं वर लाईन आणायचा खर्च ऐकला आणि म्हटलं जाऊ दे, सोलर बसवू.

सोलर म्हणजे दोन पॅनल आणि १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासाची) एक बॅटरी, बास. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास होतात कागदावर, पण ही लेड-ॲसिडची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हातात राहिले ९००. म्हणजे एक युनिट (हजार वॅट-तास) पण नाही! हजार वॅटची इस्त्री अर्धा तास फिरवली की त्यातले ५०० गेले. त्यामुळं इस्त्री बंद, कपडे घडी घालून गादीखाली. लग्नातला शर्ट पण गादीखालचाच होता, कुणाला कळलं नाही.

आता भांड्यांचं. साबण आहे घरात, नाही असं नाही, पण चुलीतली राख चाळून डब्यात भरून ठेवतो. राखेत खार असतो, तेलकट भांड्याला ओली राख लावली की त्या खाराचं आणि तेलाचं मिळून साबणासारखंच काहीतरी होतं, हात जरा खरखरीत होतात एवढंच. परवा दूध लागलं, पातेल्याच्या बुडाला काळाकुट्ट थर. रात्री राखेचा लगदा थापून ठेवला, सकाळी करवंटीच्या तुकड्यानं कडेकडेनं खरवडायला घेतलं, आधी नुसता कर्र कर्र आवाज, काही होईना, आणि मग एका जागी कड सुटली आणि अख्खा पापुद्रा भाकरीसारखा उचलून आला. खाली लखलखीत स्टील. हिला हाक मारून दाखवलं मी! नोकरीत इतकी वर्षं मार्च एंडिंग केले, एकदाही कुणाला हाक मारून दाखवावंसं वाटलं नाही.

पॅनल पुसायचं मात्र उन्हं चढायच्या आत. एकदा भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली, तर सोलरवाला पोरगा माझ्यावर असा ओरडला, काच तडकली असती म्हणून. आणि कावळ्यानं एका कोपऱ्यात घाण केली तरी चालत नाही, आतले सेल माळेसारखे एकामागं एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की त्या माळेचाच करंट पडतो. फडकं मारून आत येऊन चार्जिंगचा आकडा बघायचा, वर सरकलेला असतो. रोज बघतो तरी रोज बरं वाटतं.

पण हे सगळं रील करून "साधं जगणं किती सुंदर" असं टाकणारे बघितले की माझं डोकं फिरतं. जुलैत या म्हणावं. आठ आठ दिवस धुकं, बॅटरी भरत नाही, चुलीवरच्या वलणीला टांगलेल्या चड्ड्यांना पण धुराचा वास. आणि आमच्याकडं गॅसची टाकी आहे बरं का, फुंकणी घेऊन डोळे लाल करायची सक्ती नाही, धुरानं छाती भरते ते वेगळंच. झऱ्याचं पाणी पाईपनं उतारावरनं आपोआप टाकीत पडतं, मला हंडा उचलावा लागत नाही. आनंद होतो तो ह्याच्यामुळं पण होतो, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

ते पण आक्कांमुळं. खालच्या वाडीतल्या, सत्तरीच्या. मी ओट्यावर भांडी घासताना मोठ्या उत्साहानं त्यांना म्हटलं, आक्का, ह्यात एक वेगळीच मजा आहे बघा. त्या टेकून बसल्या, म्हणाल्या, "तुमाला हौस हाय दादा, म्हून ग्वाड लागतंय. आमचा जलम गेला ह्यात, मजा येती का म्हून कुनी इचारलं न्हाई." मी गप. हातातला चमचा नुसता उलटसुलट करत बसलो.

मग त्यांनीच सांगितलं, साताऱ्याला ल्योकाकडं काचेच्या दाराची वॉशिंग मशीन आहे, गेल्या की तिच्यापुढं पाट टाकून बसतात, कपडे फिरताना बघत, सून हसते म्हणे. एवढं काय बघता हो आक्का, म्हटलं.

"ती राबतीया," म्हणाल्या, "आन् मी बसलीया."