लेतुर्नेलची खिडकी अजून बंद झालेली नाही

मोडलेली खुब्याची वाटी जोडण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या एका लेखात म्हटलंय, ‘स्टोप्पा आला आणि इलिओइंग्वायनल छेद संपला’. स्टोप्पा म्हणजे ओटीपोटाच्या मधून आत जायची वाट, इलिओइंग्वायनल म्हणजे जांघेवरून घेतलेला छेद. हे विधान घाईचं आहे. फ्रेंच सर्जन लेतुर्नेलने 1960च्या दशकात रूढ केलेल्या इलिओइंग्वायनल छेदात तीन खिडक्या, म्हणजे हाडापर्यंत पोचायच्या तीन फटी. कटकट मधलीची: एकीकडे मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्या, दुसरीकडे फेमोरल नर्व्ह (मांडीची मोठी नस), या दोन्हींमधला इलिओपेक्टिनियल पडदा कापायचा. हिर्वेन्सालो (1993), कोल आणि बोलहॉफनर (1994) या सर्जननी हर्नियाच्या शस्त्रक्रियेतली स्टोप्पाची वाट घेतली ती हे टाळायला. जघनास्थीच्या साधारण 2 सेंमी वर त्वचा आडवी, पण लिनिया अल्बा (पोटाच्या स्नायूंमधली मधली पांढरी पट्टी) उभीच कापायची. सर्जन मोडलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला उभा. गुडघ्याखाली उशी देऊन खुबा वाकवला की सोआस (कमरेपासून मांडीकडे जाणारा स्नायू) आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. खुब्याच्या वाटीची आतली भिंत थेट दिसते, प्लेट खालून टेकवता येते.

धोका कोरोना मॉर्टिसचा, म्हणजे जघनास्थीच्या मागून जाणाऱ्या जोड-रक्तवाहिनीचा. सिम्फिसिसपासून (दोन जघनास्थींच्या सांध्यापासून) साधारण 5-6 सेंमीवर ती आधी शोधून बांधायची. तुटली तर टोक ऑब्च्युरेटर छिद्रात (कटीच्या हाडातल्या मोठ्या भोकात) आकसतं, मग पकडत बसा! रिट्रॅक्टर जोरात ओढला तर त्याच छिद्रातून जाणारी ऑब्च्युरेटर नर्व्ह ताणली जाते आणि मांडी आत ओढायची ताकद कमी होते. आधी सिझेरियन झालं असेल तर मूत्राशय चिकटलेलं असू शकतं. कॅथेटर तर हवाच.

आणि फ्रॅक्चर इलियमच्या (कटीच्या वरच्या रुंद हाडाच्या) पंखात वर चढलं असेल तर स्टोप्पातून हात पोचत नाही. तिथे बाजूची खिडकी उघडावीच लागते, म्हणजे लेतुर्नेलचीच पहिली.