आंबील ओढा आधीच एकदा वळवलाय

पुण्यातल्या आंबील ओढ्यावरचा तुमचा लेख आवडला, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराचं सगळं खापर ढगफुटीवर फोडलंय, ते काही पटलं नाही. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी पर्वतीच्या पायथ्याने सरळ शहरात शिरून मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली तळं बांधलं, ओढ्याला पश्चिमेकडे वळवलं आणि मोकळ्या झालेल्या जुन्या पात्रावर वस्ती वाढली. त्याच तळ्यातल्या बेटावर आजचा सारसबागेचा गणपती. म्हणून तर ‘तळ्यातला’! संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर बसणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की आपण तळ्याच्या तळात बसलोय?

पेशव्यांनी निदान पाण्याला दुसरी वाट तरी करून दिली. आपण अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीच्या बाजूला ओढ्याच्या अगदी काठापर्यंत बांधकामं करून आहे तीच वाट आवळली. एरवी दांडेकर पुलावरून खाली डोकावलं तर काळपट सांडपाण्याची बारीक धार दिसते, त्यामुळे लोक बिनदिक्कत ‘नाला’ म्हणतात आणि बिल्डरांचं फावतं.

पुढच्या भागात जुन्या पात्राचा नकाशा टाकता आला तर बघा. बाजीराव रोडच्या परिसरातले बरेच वाचक आपलं घर त्यात शोधत बसतील!