थोडंसं

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "प्रेशर १३८ वर ८८. थोडंसं वाढलंय."

हे थोडंसं फार वाईट. धड गोळी सुरू होत नाही, म्हणजे चारचौघांत आजारी म्हणून मिरवताही येत नाही. मिळालं काय, तर मीठ कमी करा आणि व्यायाम करा. मिठाचा हुकूम बायकोने त्याच रात्री अमलात आणला. व्यायामातून अंग काढून घ्यायची वाट मात्र मलाच शोधायची होती.

ती सापडली. ईएमएस! अंगात इलेक्ट्रोडचं जाकीट घालायचं, स्नायू वीज हलवणार. आठवड्यातून एकदा, फक्त २० मिनिटं. मेलेल्या बेडकाची तंगडी विजेने उडते, हे इटलीच्या गॅल्वानी नावाच्या शास्त्रज्ञाने १७९१ सालीच छापून ठेवलंय. बेडकाला मरूनही व्यायाम घडत असेल तर मी नुसतं उभं राहायला काय हरकत होती? डॉक्टर म्हणाले, "करा, पण रोजचं चालणं सोडायचं नाही." मी ते कधी धरलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

ईएमएसवाल्यांकडच्या पोराने अर्ज भरून घेतला. पेसमेकर? नाही. फिट येते? नाही. गरोदर? इथे त्याने एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि स्वतःच 'नाही' लिहिलं.

मग पुन्हा प्रेशर. "पाठ टेका, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा. बोललं की आकडा चढतो, काका." हे शेवटचं वाक्य सोबत आलेल्या बायकोने फार लक्ष देऊन ऐकलं.

जाकीट पाण्याने भिजवलेलं होतं. कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही म्हणे. त्या गारठ्याने काकडतोय तोवर त्याने बटण फिरवलं. आधी मुंग्या आल्या, मग त्या मुंग्यांचे मुंगळे झाले. मेंदू बिचारा समजूतदार, स्नायूंतल्या धाग्यांना पाळीपाळीने कामाला लावतो. वीज मात्र इलेक्ट्रोडखाली सापडेल त्याला एकदम जुंपते, सेकंदाला ८५ वेळा. चार सेकंद करंट, चार सेकंद सुटका. माझ्या पोटाला स्नायू आहेत, ही बातमी मला त्या दिवशी कळली. त्यांनाही बहुधा तेव्हाच कळली असावी.

शिवाय नुसतं उभं राहायचं नव्हतंच. करंट चालू असताना उठाबशा!

"काका, श्वास रोखू नका! प्रेशर वाढेल."

"आता कुठे सोडू?"

"तोंडाने सोडा. थोडंसं वाढवतो हं."

पुन्हा थोडंसं! या शब्दावर बंदी आणली पाहिजे.

निघताना त्याने बजावलं, भरपूर पाणी प्या. पहिल्याच वेळी अती झालं तर स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, लघवी गडद झाली तर थेट डॉक्टर गाठा. दोन दिवस मी रंगपरीक्षक झालो होतो. रंग ठीक होता, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि खुर्चीतून उठताना टेबलाची मनधरणी करावी लागत होती.

तिसऱ्या दिवशी बायकोने घरी प्रेशरचं मशीन आणलं. हात हृदयाच्या उंचीला यावा म्हणून खाली उशी ठेवली. पाच मिनिटं घर शांत.

१३४ वर ८६.

"बघ, उतर..."

"बोलू नका. दोनदा घ्यायचं असतं," ती पट्टा पुन्हा आवळत म्हणाली. "सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. सात दिवस."

आणि तिने निवांतपणे पेपर उघडला.